आडवं झाड

झाड माझं आहे. हे आधीच सांगून टाकते.
कुंपणाच्या माझ्या बाजूला, तेहेतीस वर्षांचा भूर्ज.
दर एप्रिलला त्याच्या बुंध्यातून मी बादलीभर रस काढते,
त्यातली एक बरणी वाम्बोलाला देते.
तोही घेतो, टोपी काढून.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने खांब उभारला.
गोठलेल्या जमिनीत काँक्रीट धरेना,
म्हणून जुन्या विहिरीच्या दगडी कठड्यालाच
लोखंडी नळी आवळली आणि ओळंबा सोडला.
"खांब केसभर कलला," म्हणाला,
"तर एक उपग्रह सापडतो, बाकीचे सगळे हुकतात."
माणसांचंही तसंच, मी म्हटलं.
त्याने उत्तर दिलं नाही. तोंडात दोन बोल्ट होते.

मग मोटर आली. मग डिश.
कोठाराच्या धुराड्यावर नेमकी दक्षिण, तिथे पहिली खूण.
तिथून डावीकडे वळवली की तुर्की लग्नं,
उजवीकडे जर्मन स्वयंपाक, इटालियन भांडणं.
यातलं त्याला काहीच नको होतं.
त्याला हवं होतं कमानीचं अगदी खालचं टोक,
पश्चिमेला, हात ताणून मूठ धरली तर
जंगलाच्या वर जेवढं आकाश झाकतं, तेवढ्यातलं.
पोर्तुगाल.
पिलेरीन तिथे सार्डिनच्या कारखान्यात डबे मोजते.
भाषा त्याला येत नाही.
हवामानाचा नकाशा येतो.

मार्चच्या पहिल्या दिवसांत सूर्य त्याच कमानीवरून चालतो,
हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.
साडेचारला तो पोर्तुगालच्या उपग्रहामागे येतो.
तेव्हा डिशवर ऊन तर वाट मोकळी, सावली तर बंद.
आम्ही दोघं घड्याळ धरून बर्फात उभे.
साडेचारला डिशवर उमटल्या
पेन्सिलीने ओढाव्यात तशा बारीक काड्या.
माझ्या भूर्जाच्या. एकही पान नसलेल्या.
"चालेल," तो म्हणाला.

आणि चाललं. मोटर कण्हत वळली,
पडद्यावर निळा समुद्र आला, त्यावर तीन ढग.
"पाऊस आहे तिच्याकडे!"
असा खूश, जणू छत्री यानेच पाठवलीय.

मे महिन्यात पानं फुटली.
आधी नुसती ओल्या संध्याकाळी अडचण:
निवेदिकेची हनुवटी कपाळावर जायची,
समुद्र चौकोनाचौकोनांत फुटायचा.
मग एक दिवस काहीच नाही.
वाम्बोला कुंपणापाशी येऊन उभा राहिला.
झाडाकडे बघत नव्हता.
इतकं जपून बघत नव्हता की मला कळलं.

करवत आणू का, मी विचारलं.
"छे. खांब हलवता येईल."
मग आठवडाभर तो स्वतःच्या अंगणात पावलं मोजत फिरला,
खिशात होकायंत्र, हातात कोनमापक.
सौनामागे धुराडं आडवं. गोठ्याजवळ जंगल.
छपरावरून दिसलं असतं, पण गुडघे छपरावरचे नाहीत.
शेवटी एकच जागा निघाली,
जिथून वर्षभर पोर्तुगाल दिसतो.
कुंपणापलीकडे. माझ्या बटाट्याच्या वाफ्यात,
तिसऱ्या सरीच्या बरोबर मध्ये.
बटाटे नुकतेच लावलेले.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

जुलैत पिलेरीन आली. अकरा दिवस.
केस कापलेले, बापाशी बोलताना मधेच
एखादा परका शब्द, मग "म्हणजे, ते हे रे."
बाराव्या दिवशी बस.
पानं मात्र ऑक्टोबरपर्यंत असतात.

आता रात्री खिडकी उघडी ठेवते तेव्हा मोटर ऐकू येते.
तुर्की लग्नं ओलांडून, जर्मन, इटालियन ओलांडून
डिश खाली खाली जाते, टोकाला थांबते,
माझ्या पानांत तोंड घालून.
सिग्नल शून्य. ते त्याला माहीत आहे.
दिशा बरोबर आहे, तेही.

बटाटे यंदा मी जरा लवकर काढणार आहे.